अनुच्छेद आणि कलम: आकडा तोच, पुस्तक वेगळं

गेल्या द्राक्ष हंगामानंतर दिंडोरी तालुक्यातले एक काका नाशिकच्या सीबीएस बस स्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात मला भेटले. व्यापाऱ्याने बागेतला माल उचलला, चेक दिला, आणि तो वटला नाही. गावात कुणीतरी त्यांना सांगितलं, "एकशे अडतीस टाक." पुतण्याने मोबाइलवर 'कलम १३८' शोधलं आणि जे आलं त्याची प्रिंट काढून दिली. काकांनी खिशातून घडी काढून ती माझ्यापुढे पसरली. त्यावर सर्वोच्च न्यायालयाची अधिकारिता वाढवण्याबद्दलचा मजकूर होता. "ताई, म्हणजे थेट दिल्लीला जावं लागतं का हो?" त्यांनी विचारलं. प्रवासाचा खर्च किती येईल, याचा हिशेब ते मनात मांडूनच आले होते.

ती प्रिंट राज्यघटनेच्या अनुच्छेद १३८ ची होती. त्यांना हवं होतं ते १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टचं, म्हणजे परक्राम्य संलेख अधिनियमाचं कलम १३८. आकडा एकच, पण दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही.

हा घोळ काकांचा एकट्याचा नाही. वकील मंडळी बोलताना घटनेतल्या तरतुदीला 'आर्टिकल' आणि कायद्यातल्या तरतुदीला 'सेक्शन' म्हणतात, त्यामुळे त्यांची गल्लत होत नाही. मराठीतही दोन शब्द आहेत. घटनेच्या अधिकृत मराठी प्रतीत 'अनुच्छेद' आहे, त्याच्या आत 'खंड' आणि 'उपखंड'. अधिनियमात 'कलम' आणि 'पोटकलम'. पण बोलण्यात, बातम्यांत, भाषणांत आपण सगळ्यालाच कलम म्हणतो. कलम ३७०, कलम ३०२, कलम १४४, सगळं एका ओळीत. यातलं ३७० घटनेतलं. ३०२ जुन्या भारतीय दंड संहितेतलं, खुनाचं. १४४ जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं, जमावबंदीचं. हातात चांगला शब्द असताना आपण तो वापरत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

घटनेतही ३०२ आहेच, आणि तो नाशिककरांना जवळचा वाटावा असा आहे. अनुच्छेद ३०१ सांगतो की भारतभर व्यापार आणि ये-जा मुक्त असेल. लासलगावचा कांदा गाडीत भरून तामिळनाडूत विकायला नेता येतो, त्यामागचं तत्त्व तिथे लिहिलेलं आहे. लोकहितासाठी त्यावर निर्बंध घालण्याचा अधिकार अनुच्छेद ३०२ संसदेला देतो. कांद्याची निर्यातबंदी मात्र यातून येत नाही. ती येते १९९२ च्या परकीय व्यापाराच्या कायद्यातून. १४४ चंही तसंच: घटनेतला अनुच्छेद १४४ म्हणतो की सगळ्या मुलकी आणि न्यायिक प्राधिकाऱ्यांनी सर्वोच्च न्यायालयाला साहाय्य करावं. ४२० शोधायला गेलात तर घटनेत सापडणारच नाही, कारण तिथला शेवटचा क्रमांक ३९५ आहे.

आता आकडे बाजूला ठेवू. खरा फरक आहे तो कोण कुणाला बांधतं यात. तो समजायला काळाराम मंदिरापर्यंत चालत गेलं की पुरे.

२ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तिथे मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड या लढ्याचे नाशिकमधले आधारस्तंभ. दरवाजे बंद केले गेले आणि लढा काही वर्षं चालला. पुढे त्याच बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालच्या मसुदा समितीने घटनेचा मसुदा मांडला आणि २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेने अस्पृश्यता नष्ट करणारी तरतूद स्वीकारली. आज ती अनुच्छेद १७ आहे. अस्पृश्यता नष्ट झाली आहे, तिचं कोणत्याही रूपातलं आचरण निषिद्ध आहे, आणि तिच्यातून कुणावर निःसमर्थता, म्हणजे हक्कांची अडवणूक, लादणं हा कायद्यानुसार शिक्षेचा अपराध असेल, असं तो सांगतो.

त्यातल्या 'कायद्यानुसार' या शब्दापाशी थांबा. उद्या कुणी कुणाला या कारणाने देवळाच्या पायरीवर अडवलं, तर किती महिन्यांची कैद? अनुच्छेद १७ वाचून उत्तर मिळत नाही. घटनेने गुन्हा ठरवला आणि शिक्षा सांगणारा कायदा करण्याचं काम अनुच्छेद ३५ ने संसदेकडे दिलं. संसदेने १९५५ मध्ये तो कायदा केला. १९७६ पासून त्याचं नाव नागरी हक्क संरक्षण अधिनियम. त्याच्या कलम ३ मध्ये सार्वजनिक पूजास्थानात प्रवेश नाकारल्याबद्दल एक ते सहा महिने कैद आणि शंभर ते पाचशे रुपये दंड लिहिलेला आहे. पोलीस ठाण्यातला हवालदार एफआयआरमध्ये लिहितो ते हे कलम ३. पण हे कलम उद्या कुणी सहज पुसून टाकू शकत नाही, ते अनुच्छेद १७ पाठीशी आहे म्हणून. दंडाची रक्कम संसद साध्या बहुमताने बदलू शकते. अनुच्छेदाला हात लावायचा तर अनुच्छेद ३६८ ची वाट धरावी लागते: दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यसंख्येचं बहुमत आणि शिवाय हजर राहून मतदान करणाऱ्यांचं दोन तृतीयांश बहुमत. त्यातही सर्वोच्च न्यायालयाच्या १९७३ च्या केशवानंद भारती निकालापासून घटनेच्या मूलभूत चौकटीला धक्का लावता येत नाही.

मूलभूत हक्कांचे बहुतेक अनुच्छेद सरकारला बांधतात. कलमं तुम्हाला-मला बांधतात. अनुच्छेद १७ मात्र दोघांनाही बांधतो, आणि १५ चा दुसरा खंडही तसाच. त्या खंडात विहिरी आणि तलावांच्या शेजारी एक शब्द आहे, 'स्नानघाट'. गोदावरीवरच्या रामकुंडाच्या पायऱ्यांवर उभं राहून तो खंड एकदा तरी वाचावा, असं मी मुलांना नेहमी सांगते.

दुसरं उदाहरण घरोघरचं आहे. दर वर्षी प्रवेशाच्या दिवसांत आया विचारतात, "आरटीईच्या पंचवीस टक्के जागा घटनेत आहेत ना?" नाहीत. घटनेत आहे अनुच्छेद २१क: सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीचं शिक्षण. खासगी शाळांतल्या, वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठीच्या या पंचवीस टक्के जागा येतात २००९ च्या शिक्षण हक्क अधिनियमाच्या, म्हणजे आरटीईच्या, कलम १२ मधून. त्याच्याही खाली सरकारने केलेले नियम असतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलून, सरकारी किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतल्या खासगी विनाअनुदानित शाळांना या जागांमधून सूट दिली. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. नियम कायद्याच्या पलीकडे जाऊ शकत नाही, आणि कायदा घटनेच्या पलीकडे. आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराबद्दल शिक्षा सांगणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ असंच गेलं. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या मजकुरावरून अटक झाली होती. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम अनुच्छेद १९ मधल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग करतं म्हणून रद्द ठरवलं.

म्हणूनच दाद मागायची जागाही वेगळी. सरकारने मूलभूत हक्क मोडला तर अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालय, नाशिककरांसाठी ते मुंबईला. किंवा अनुच्छेद ३२ खाली सर्वोच्च न्यायालय. कुणी कलम मोडलं तर पोलीस ठाणं किंवा आपल्याच जिल्ह्यातलं न्यायदंडाधिकारी न्यायालय.

कलमांचे आकडे बदलतात, हेही लक्षात ठेवा. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. खुनाचं ३०२ आता १०३ झालं, फसवणुकीचं ४२० आता ३१८. जमावबंदी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १६३ मध्ये गेली. त्या तारखेआधी घडलेल्या गुन्ह्याला जुनंच कलम लागतं, त्यामुळे न्यायालयाच्या बोर्डावर अजून बरीच वर्षं दोन्ही आकडे दिसतील. अनुच्छेदांचं असं होत नाही. नवा घालायचा तर २१क, ३००क असं अक्षर जोडतात. काढला तर ती जागा मोकळी ठेवतात. मालमत्तेचा मूलभूत हक्क देणारा अनुच्छेद ३१ चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने गेला, तरी ३२ आपल्या जागी ३२ च राहिला.

(सातबारा यातलं काहीच नाही. तो महसुली दप्तरातला गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. पण जमिनीच्या नोटिशीतही लोक त्याला कलम समजतात, म्हणून सांगितलं.)

काकांकडे परत येते. मी त्यांना पहिला प्रश्न विचारला तो बँकेच्या रिटर्न मेमोच्या तारखेचा. चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत चेक देणाऱ्याला लेखी नोटीस जावी लागते. नोटीस मिळाल्यावर त्याला पैसे भरायला पंधरा दिवस. नाही भरले तर पुढच्या एक महिन्यात न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तक्रार. मेमो हातात पडून एकोणीस दिवस झाले होते. दिल्लीच्या विचारात त्यातले बरेच गेले होते. अकरा उरले होते.

नोटीस त्याच दुपारी टाइप झाली. काकांनी सही करण्याआधी पहिली ओळ बोट ठेवून वाचली: 'परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ चे कलम १३८ अन्वये'. मग त्यांनी मोबाइल काढून पुतण्याला फोन लावला आणि सांगितलं, "आधी कायद्याचं नाव टाक रे, मग आकडा."