पाटकऱ्याला किती जणांना विचारावं लागतं?

धुळे जिल्ह्यात साक्रीच्या बाजूला, पांझरा नदीवरच्या एका बंधाऱ्याखाली मी दोनेक तास पाटकऱ्याच्या, म्हणजे पाटाचं पाणी शेताशेतांत वळवणाऱ्या माणसाच्या, मागेमागे फिरलो होतो. खांद्यावर फावडं, पाय गुडघ्यापर्यंत चिखलात. चारीच्या तोंडाशी आला की तीन-चार ओढींत मातीचा आडोसा बाजूला करायचा, पाणी आत वळलं की तीच माती आधीच्या तोंडाला लावायचा. पलीकडच्या बांधावरून कुणीतरी हाक दिली, "आप्पा, पानी उनं का?" (पाणी आलं का?) "उनं ना भो," एवढंच उत्तर. नदीला पाणी बेताचंच होतं, तरी त्या दोन तासांत त्याला कुणाशी हुज्जत घालावी लागली नाही.

याचं कारण मला पुढे एका सोप्या गणितात सापडलं. पाच माणसांत प्रत्येकाने प्रत्येकाशी बोलायचं ठरवलं तर जोड्या होतात 10. दहा माणसांत 45. चाळीस शेतकऱ्यांत 780. माणसं पाचावरून चाळीस झाली, म्हणजे आठपट. बोलणी मात्र अठ्ठ्याहत्तर पट वाढली. गावची सोसायटी असो, कारखाना असो की सरकारी खातं, माणसं वाढली की प्रत्येक संस्थेला हा आकडा गाठतोच. मग एवढं बोलावं लागू नये म्हणून काय करायचं? संस्थेची रचना म्हणतात ती मुख्यतः या प्रश्नाचीच सोडवणूक.

सगळ्यांना ठाऊक असलेली सोडवणूक म्हणजे उतरंड. प्रत्येकाला एकच वरिष्ठ. चाळीस माणसांना मग 39 धागे पुरतात. या रचनेचा पहिला आधुनिक तक्ता 1855 च्या सुमाराला एका रेल्वेने काढला असं मानतात. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क अँड एरी रेल्वेचा अधीक्षक डॅनियल मॅकॅलम याला कोडं पडलं होतं की लांब मार्गाचा दर मैलाचा खर्च छोट्या मार्गापेक्षा जास्त का येतो. पन्नास मैलांचा मार्ग एक माणूस स्वतः नजरेखाली ठेवू शकतो, पाचशे मैलांचा नाही, हे त्याने ओळखलं आणि अधिकाराच्या फांद्या आखून दिल्या. आपल्या भुसावळला आजही ती पद्धत दिसते. कोणती मालगाडी बाजूला थांबवायची याचा निर्णय नियंत्रण कक्षातून एकाच तोंडून यावा लागतो, तिथे पंचायत भरवून चालणार नाही. अर्थात तिथेही एक गाठ आहेच. विभागातला विद्युत अभियंता मंडल व्यवस्थापकाच्या हाताखाली असतो आणि तांत्रिक बाबतीत मुंबईच्या मुख्यालयातल्या आपल्या खात्यालाही बांधील असतो. दोन वरिष्ठांच्या या रचनेत बोलणी पुन्हा वाढतात.

आप्पांच्या बंधाऱ्यावरची फडाची पद्धत निराळ्या वाटेने जाते. धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम अशा नद्यांवर ती तीनशे-चारशे वर्षं चालत आली. बंधाऱ्याखालची सगळी जमीन तीन-चार फडांत वाटलेली आणि एका फडात एका हंगामाला एकच पीक. यातली हुशारी पटकन लक्षात येत नाही. एकाचा ऊस, शेजाऱ्याची बाजरी, त्याच्या पलीकडे हरभरा असं असतं तर प्रत्येकाची पाण्याची वेळ वेगळी आली असती आणि पाटकऱ्याला चाळीस जणांना विचारत फिरावं लागलं असतं. पीक एकच म्हटल्यावर तहानही एकदमच लागते. आप्पा कुणाला काही विचारत नव्हते, कारण विचारण्यासारखं काही उरलेलंच नव्हतं.

दुसरी गोष्ट मला त्याहून मोलाची वाटते. शेतकऱ्याची जमीन शक्यतो प्रत्येक फडात थोडी थोडी असते. पाणी कमी असलं की कोणता फड भिजवायचा आणि कोणता पडीक ठेवायचा ते पंच ठरवतात. पडीक फडात ज्याचा तुकडा आहे, त्याचा भिजणाऱ्या फडातही असतो. टंचाई एकट्यादुकट्याच्या डोक्यावर न पडता सगळ्यांत वाटली जाते. पिकाची राखण जागल्या करतो, आणि पाटातला गाळ काढायला सगळे उतरतात.

संस्थांचा अभ्यास करणारे अमेरिकी विचारवंत हर्बर्ट सायमन यांनी 1962 साली मांडलं होतं की टिकाऊ गुंतागुंतीच्या व्यवस्था अशा तुकड्यांच्या बनतात, ज्यांच्या आत देवाणघेवाण दाट असते आणि तुकड्या-तुकड्यांमध्ये विरळ. फड हे त्याचं शेतातलं उदाहरण. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी नेपाळमध्ये दाखवलं की शेतकऱ्यांनी स्वतः चालवलेले पाट बऱ्याचदा सरकारने बांधलेल्या पक्क्या कालव्यांपेक्षा चांगलं पाणी देतात. अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला, वर्ष 2009. सीमा ठाऊक असणं, राखणदार आपल्यातलाच असणं, नियम वापरणाऱ्यांनीच ठरवणं, या त्यांच्या निकषांवर फड पद्धत बऱ्याच अंशी उतरते.

पुढे नद्यांवर वर धरणं झाली, विहिरी आणि वीजपंप आले. ज्याचा पंप त्याचं पाणी, मग शेजाऱ्याचं पीक कोणतं हे विचारायची गरज कुणाला? बरेच फड मोडले. पण विहिरीचं पाणीही सामाईकच असतं, फक्त ते डोळ्यांना दिसत नाही. यावल-रावेरच्या केळीच्या पट्ट्यात भूजल खाली चाललंय ते यामुळेच. एकाच पाण्यात चाळीस पंप आणि मध्ये ना पंच, ना पाटकरी.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने यावर केलेलं काम मला फडाच्या जवळचं वाटतं. पाऊस मोजायचा, ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि त्यावरून पिकं ठरवायची. शेतीसाठी बोअरवेल तिथे बंद आहेत. सातपुड्याच्या पायथ्याशी हे करायचं तर सुरुवात फार खर्चाची नाही. एका नाल्यावरच्या सगळ्या विहिरींत एकाच दिवशी टेप सोडायचा, पातळी वहीत लिहायची, आणि ती वही पारावर सगळ्यांसमोर वाचायची.