पोटातला गोळा आणि गॅलनचं डुक्कर

आमच्या घराला लागूनच पॉवरलूमचा कारखाना आहे, दिवसभर खटाखट खटाखट, सोलापूरच्या पूर्व भागात राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. सवय एवढी झालीय की लाइट जाऊन माग एकदम थांबले तर उलटं आपणच दचकतो, पोटात गोळा येतो. आता दचकलं डोकं, मग गोळा पोटात कशाला? मराठीत तर भीती पोटात, माया काळजात, डोक्यात जातो तो फक्त राग.

जुन्या लोकांचंही असंच होतं. इजिप्तवाले ममी करताना मेंदू नाकातून आकडी घालून काढायचे नि फेकून द्यायचे, हृदय मात्र जपून आत ठेवायचे. ग्रीसमध्ये हिपोक्रेटिस या जुन्या वैद्याच्या परंपरेतले वैद्य मेंदूच्या बाजूने बोलत होते, तरी नंतर आलेला तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल म्हणाला की विचार-भावना सगळं हृदयात, मेंदूचं काम रक्त थंड करणं. म्हणजे थोडक्यात कूलर! हसू येतं, पण मे महिन्यात 43 डिग्रीत बसून वाचलं की माणूस अगदीच चुकला असं वाटत नाही.

मग इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गॅलन नावाचा ग्रीक वैद्य आला. आधी पर्गामम या गावात (आताच्या तुर्कीत) ग्लॅडिएटर, म्हणजे आखाड्यात लढणाऱ्या लोकांच्या जखमा बघायचा, नंतर रोममध्ये भर लोकांसमोर त्याने जिवंत, ओरडणारं डुक्कर बांधून घशाजवळच्या दोन बारीक नसा कापल्या (रक्ताच्या नव्हे, मज्जातंतू). ओरडणं बंद. डुक्कर तडफडतंय, श्वास चालू, पण आवाज नाही, म्हणजे माग चालू नि खटाखट गायब अशातली गत. क्रूर होतं, आज कुणी करू देणार नाही, पण आवाजाचा हुकूम हृदयाकडून नाही तर मेंदूकडून नसांवाटे येतो हे सगळ्यांना डोळ्यांनी दिसलं. त्या नसांमधून एक सूक्ष्म वायू वाहतो असं मात्र तो मानायचा, आणि हे पुढं हजार वर्षांहून जास्त चाललं.

गंमत म्हणजे त्या दोन नसा व्हेगस नावाच्या मोठ्या नसेच्या फांद्या. व्हेगस म्हणजे लॅटिनमध्ये भटकी, आणि खरंच भटकी, मेंदूच्या बुडातून निघते ती घसा, हृदय, फुप्फुसं करत पोटापर्यंत. याच नसेवर ऑस्ट्रियातल्या ग्राझमध्ये ऑटो लोवी या शास्त्रज्ञाने 1921 साली छापलेला प्रयोग आहे. प्रयोग त्याला स्वप्नात सुचला, रात्री उठून कागदावर खरडला, सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना! दुसऱ्या रात्री परत तेच स्वप्न, मग तो तडक लॅबमध्येच गेला. बेडकाची दोन हृदयं घेतली, एकाच्या व्हेगसला करंट दिला, ते मंदावलं. त्याच्या भोवतीचं पाणी दुसऱ्या हृदयावर घातलं तर तेही मंदावलं, त्याला करंट लावलेलाच नव्हता! म्हणजे नस टोकाशी काहीतरी रसायन सोडते. त्या रसायनाचं नाव निघालं असिटिलकोलीन, आणि 1936 ला हेन्री डेल या ब्रिटिश शास्त्रज्ञाबरोबर लोवीला नोबेल मिळालं.

आता पोटातला गोळा. त्यात एकट्या व्हेगसचा हात नाही, ॲड्रेनलिन (घाबरलं की रक्तात सुटणारं रसायन) वगैरे मंडळी असतातच. पण या नसेतले साधारण 80 टक्के धागे हुकूम खाली नेणारे नाहीतच, ते पोटातल्या, छातीतल्या बातम्या वर मेंदूकडे नेतात.