कुलकर्णी, पाटील आणि सैतान

घरच्या ग्रुपवर परवा एक ध्वनिफीत फिरत आली. रशियात १२ किलोमीटर खोल भोक पाडलं, आत मायक्रोफोन सोडला आणि नरकातल्या किंकाळ्या ऐकू आल्या म्हणे! भोक खरं आहे. कोला द्वीपकल्पावरचं, १२,२६२ मीटर खोल. पण तळाशी होता तो सुमारे १८० अंश सेल्सिअसला तापलेला खडक. नरक आणि सैतान कुठून आले हे बघायला एवढं खोल जावं लागत नाही, थोडं हिब्रू व्याकरण पुरतं.

बायबलच्या जुन्या भागाची भाषा हिब्रू. तिच्यात 'सातान' हे साधं सामान्यनाम. अर्थ, आडवा येणारा, विरोधक. बायबलमधल्या एका गोष्टीत, गाढवीवर बसून निघालेल्या बलाम नावाच्या द्रष्ट्याची वाट देवाचा दूत अडवतो, तेव्हा तो दूतच 'सातान' असतो. दुसऱ्या गोष्टीत इस्राएलच्या शत्रूंना, म्हणजे पलिष्टी सरदारांना, धास्ती वाटते की ऐन लढाईत दावीद आपला सातान होईल, म्हणजे उलटेल. एदेनच्या बागेतला साप? त्या गोष्टीत त्याला कुठेही सातान म्हटलेलं नाही. ती जोड फार नंतरची.

ईयोब या देवभक्त माणसाच्या परीक्षेच्या गोष्टीत मात्र 'हा-सातान' येतो. हा 'हा' म्हणजे मराठीतला 'हा' नव्हे. ते हिब्रूतलं उपपद, इंग्रजीतल्या 'द'सारखं. हिब्रूत माणसाच्या नावाला ते लागत नाही, 'हा-दावीद' असं कुणी म्हणणार नाही. म्हणजे हे नाव नसून हुद्दा आहे. देवाच्या दरबारातला हा सरकारी वकील, ईयोबाला हात लावायलाही त्याला वरून परवानगी लागते. 'गावचा कुलकर्णी' म्हणताना आपण जसं वतन सांगतो, तसंच.

पुढे कुलकर्णी आडनाव झालं. इथेही तेच झालेलं दिसतं, आणि ते पकडण्याची जागा मला फार आवडते. दावीद राजानं केलेल्या शिरगणतीची गोष्ट बायबलमध्ये दोनदा आहे. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात (२४:१) देवाचा कोप भडकतो आणि देवच दावीदाला शिरगणती करायला चिथावतो. मग तिचीच शिक्षा म्हणून साथ पाठवतो, ७०,००० माणसं मरतात. इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात (२१:१) गोष्ट तीच, पण चिथावणारा बदलला: सातान. उपपद गायब! काही अभ्यासक इथेही 'कुणी एक विरोधक' असंच वाचतात, व्याकरणाला ते चालतं. पण देवाच्या अंगावरचा डाग उचलून दुसऱ्याच्या अंगावर ठेवलाय, हे कुठल्याही वाचनात उरतंच.

दोन पुस्तकांच्या मधे इ.स.पू. ५८६ला जेरुसलेम पडलं, यहुद्यांना बाबेलला (बॅबिलोनला) बंदिवासात नेलं, मग इराणी सत्ता आली. 'सैतान झरथुष्ट्राच्या अंग्र मैन्यूवरून, म्हणजे पारशी धर्मातल्या दुष्ट शक्तीवरून उचलला' असं ठणकावून सांगणारे व्हिडिओ आहेत. प्रभाव असेलही, पण त्या धर्माचे बरेच ग्रंथ आज आहेत त्या रूपात फार उशिरा लिहिले गेले, त्यामुळे कुणी कुणाकडून काय घेतलं हे ठरवणं अवघड आहे.

नरकाची गोष्ट याहून उशिराची. जुन्या इस्राएलात मेलेले सगळेच, सज्जन आणि दुर्जन, 'शेओल' नावाच्या अंधाऱ्या अधोलोकात जात. तिथे ना आग, ना छळ. इ.स.पू. १६७च्या सुमारास अँटायोकस चौथा या ग्रीक राजानं यहुद्यांना धर्म पाळल्याबद्दल मारायला सुरुवात केली, तेव्हा हे पुरेना. धर्म पाळला म्हणून मेला त्याला काय, आणि मारणाऱ्याला काय? त्याच काळातल्या दानीएलाच्या पुस्तकात मेलेले उठतात, काही सार्वकालिक जीवनासाठी, काही सार्वकालिक अप्रतिष्ठेसाठी.

शिक्षेची जागा मात्र नकाशावर होती. जेरुसलेमच्या दक्षिणेचं हिन्नोमचं खोरं, हिब्रूत गे-हिन्नोम. तिथे मुलं अग्नीत अर्पण करत म्हणून यिर्मया या संदेष्ट्यानं त्या जागेला शाप दिला, योशिया राजानं ती विटाळून टाकली. गे-हिन्नोमचं ग्रीकमध्ये गेहेन्ना झालं, अरबीत जहन्नम. हिंदी सिनेमातला खलनायक ज्या जहन्नममध्ये जायला सांगतो ते हेच. आपला 'सैतान'सुद्धा अरबी-फारसीतूनच मराठीत उतरला.

तिथे म्हणे शहराचा कचरा अखंड जळत असे, त्यावरून नरकाग्नी सुचला. हे चर्चमध्येही सांगतात आणि नास्तिकांच्या भाषणांतही. पण तसं लिहिलेलं सापडतं ते इ.स. १२००च्या आसपासच्या दावीद किम्ही या भाष्यकाराकडे, आणि उत्खननात पुरावा नाही. १९७९ साली गॅब्रिएल बार्के यांनी खोऱ्याच्या वरच्या उतारावर खणलं, तेव्हा जुनी थडगी निघाली आणि त्यांत चांदीच्या पत्र्याच्या दोन इवल्या गुंडाळ्या. सुमारे २,६०० वर्षांपूर्वीचे ताईत. उलगडल्यावर त्यांवर वाचता आलं: परमेश्वर तुला आशीर्वाद देवो आणि तुझं रक्षण करो.