हृदय थकलेलं, व्यायाम पायांना

'हार्ट फेल्युअर' हे नाव ऐकूनच माणूस निम्मा खचतो. हृदय बंद पडलं, असं त्याला वाटतं. प्रत्यक्षात ते चालू असतं, फक्त शरीराला हवं तेवढं रक्त पुढे ढकलताना कमी पडतं. जिना चढताना धाप लागते, मग जिनाच टाळला जातो. काही दशकांपूर्वी डॉक्टरही सक्तीची विश्रांती सांगत. घोळ तिथेच होता. पडून राहिलं की पायांचे स्नायू झडतात, रक्तातून आलेला ऑक्सिजन त्यांना नीट वापरता येत नाही आणि धाप आणखी लवकर लागते. त्यामुळे व्यायामाचा बराचसा गुण हृदयापेक्षा पायांत दिसतो. तब्येत स्थिर असलेल्यांना तो झेपतो, हे 2009 साली 2,331 रुग्णांच्या 'एचएफ-अ‍ॅक्शन' चाचणीत दिसलं.

पण चालताना दमणाऱ्यालाच व्यायामासाठी आठवड्यातून तीनदा केंद्रावर बोलवायचं, हा प्रकार मला तरी उफराटा वाटतो.

पोलंडमधल्या 'टेलिरेह-एचएफ' चाचणीत 850 रुग्ण होते. व्यायाम शिकलेली मंडळी पुढचे आठ आठवडे घरीच राहिली. छातीला ईसीजीचे इलेक्ट्रोड लावायचे, मग फोनवर प्रश्नांची उत्तरं द्यायची: थकवा आहे का, रक्तदाब किती, वजन किती, गोळ्या घेतल्या का? केंद्रातून होकार आला की मगच हातात काठ्या घेऊन नॉर्डिक पद्धतीचं चालणं सुरू. कधी चालायचं, कधी थांबायचं हे ईसीजीचं यंत्रच सांगायचं.

वजन कशाला विचारतात? दोन-तीन दिवसांत दोनेक किलो वाढलं, तर ती चरबी नसते, अंगात साठलेलं पाणी असतं. त्या दिवशी व्यायाम नाही, डॉक्टरांना फोन.

नाडीवर मात्र भिस्त ठेवता येत नाही. या आजारात दिल्या जाणाऱ्या बीटा ब्लॉकर गोळ्या ठोक्यांचा वेग मुळातच दाबून धरतात. म्हणून किती दम लागला ते रुग्णालाच 6 ते 20 च्या बोर्ग मोजपट्टीवर सांगायला लावतात. चालता चालता पूर्ण वाक्य बोलता येतंय, तोवर ठीक.

2020 मध्ये आलेल्या निकालात दमसास वाढला होता, रोजचं जगणंही सुधारलं होतं. मात्र पुढच्या 14 ते 26 महिन्यांत रुग्णालयाबाहेर जिवंत काढलेले दिवस काही वाढले नाहीत. ऑस्ट्रेलियात 53 रुग्णांच्या छोट्या चाचणीत काहींनी व्हिडिओ कॉलवर गटाने व्यायाम केला. चालण्याच्या क्षमतेत ते केंद्रावर जाणाऱ्यांच्या मागे पडले नाहीत, आणि हजेरी त्यांचीच जास्त भरली.