ताडकुलाचे वर्गीकरण : जॉन ड्रान्सफील्ड यांच्या कामामागचा इतिहास

हर्बेरियमचा, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाचा, कागद जेमतेम 42 सेंटिमीटर लांब असतो आणि माडाचे एक झाप चार-पाच मीटरचे. ताडकुलाचा (ताड, माड, पोफळी, वेत यांच्या कुलाचा) अभ्यास इतर वनस्पतींच्या मागे का राहिला, याचे मोठे कारण हेच आहे. झाड उंच, पान अवाढव्य, पोय (फुलोरा) जड आणि वेत असला तर अंगभर काटे. त्यामुळे बहुतेक संग्राहक पानाचा शेंडा आणि मूठभर फळे घेऊन परतत. एवढ्यावरून जात ओळखणे अवघड, आणि वेताची तर जवळजवळ अशक्यच.

लिनिअसने ताडांना वनस्पतींचे राजपुत्र म्हटले, पण 1753च्या ग्रंथात त्यांना जागा दिली ती शेवटच्या पुरवणीत. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ मार्शियसचे तीन खंडी काम 1823 ते 1850 या काळात आले, त्यानंतर इटलीच्या ओदोआर्दो बेक्कारींनी आशियातल्या जाती तपासल्या. जगभरच्या सर्व प्रजाती (जवळच्या जातींचे गट) एका नजरेखाली आणण्याचा आधुनिक प्रयत्न मात्र कॉर्नेल विद्यापीठातल्या हॅरल्ड मूर यांचा. त्यांनी 1973 साली ताडांचे 15 गट मांडले. 1980 साली ते वारले तेव्हा प्रजातींचा नियोजित ग्रंथ अपुराच होता. तो वनस्पतिशास्त्रज्ञ नॅटली ऊल आणि जॉन ड्रान्सफील्ड यांनी पूर्ण केला. 1987 साली ‘जेनेरा पामारुम’ प्रसिद्ध झाले. त्यात 6 उपकुले आणि 200 प्रजाती होत्या.

ड्रान्सफील्ड (जन्म 1945) यांचे शिक्षण केंब्रिजचे. जावातल्या बोगोरला काही वर्षे काम करून ते लंडनच्या क्यू उद्यानात आले आणि मलाया, साबा, सारावाक, ब्रुनेई इथल्या वेतांवर त्यांनी एकेक पुस्तक केले. वेताचा नमुना नीट घ्यायचा तर खोडाचा तुकडा विरीसकट (खोडाला वेढणाऱ्या पानाच्या बुडासकट) लागतो, कारण जाती ओळखायच्या त्या विरीवरच्या काट्यांच्या मांडणीवरून. खोडाची जाडी दोनदा मोजायची, विरीसह आणि विरी सोलून. चढायला मदत करणारा काटेरी चाबूक पानाच्या टोकातून निघतो की विरीतून, हे जागेवरच टिपायचे. बहुतेक वेतांत नर आणि मादी वेल वेगळे असल्याने दोन्ही शोधावे लागतात. पानाचे तीन तुकडे घ्यायचे : बुडाचा, मधला आणि शेंड्याचा. एकूण लांबी आणि एका बाजूच्या पात्यांची संख्या वहीत नोंदवायची. फुले 70 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवायची आणि प्रत्येक तुकड्याला एकच क्रमांक बांधायचा. हा क्रमांक सुटला की पुढे दोन झाडांचे तुकडे एका पाकिटात जातात आणि अस्तित्वात नसलेली ‘जात’ तयार होते.

1987 नंतर डीएनएच्या तपासणीने बरेच काही हलवले. आपल्या कोकणातल्या भेरली माडाचेच पाहा. त्याची फुले दोन नर आणि मधे एक मादी अशी तिघांच्या झुबक्यात येतात. माड-पोफळीच्या उपकुलातही तीच रचना आहे, म्हणून त्याला तिथे ठेवले होते. पण पाती आडवी कापून पाहिली तर वेगळेच दिसते. माडाची पाती देठाजवळ छपरासारखी, कडा खाली करून दुमडलेली असते. शिंदीची आणि भेरली माडाची पाती पन्हळीसारखी, कडा वर. डीएनएने पन्हळीच्या बाजूने कौल दिला. भेरली माड ताड-शिंदीच्या उपकुलात गेला, म्हणजे तिघांचा झुबका या कुलात एकाहून अधिक वेळा स्वतंत्रपणे निर्माण झाला. आमच्या मते या साऱ्या फेरमांडणीतला हा सर्वांत शिकण्यासारखा भाग आहे. ‘जेनेरा पामारुम’च्या 2008च्या दुसऱ्या आवृत्तीत 5 उपकुले आणि 183 प्रजाती उरल्या. ड्रान्सफील्ड तिचे पहिले लेखक होते.

त्याच वर्षी त्यांनी मिजोरो राकोतोआरिनिवो यांच्याबरोबर मादागास्करमधली ‘ताहिना’ ही नवी प्रजाती जाहीर केली. पंख्यासारखे पान पाच मीटरपर्यंत रुंद, आणि झाड आयुष्यात एकदाच फुलून मरते. तिचे जवळचे नातलग मादागास्करमध्ये नाहीत, ते आशियात सापडतात.

2015 साली क्यूमधलेच विल्यम बेकर यांनी वेतांच्या चार छोट्या-मोठ्या प्रजाती ‘कॅलॅमस’मध्ये विलीन केल्या. त्यांतल्या ‘पोगोनोटियम’ आणि ‘रेटिस्पाथा’ या ड्रान्सफील्ड यांनीच मांडलेल्या होत्या. पुढच्याच वर्षी बेकर आणि ड्रान्सफील्ड यांनी मिळून ताडकुलाची सुधारित यादी दिली, 181 प्रजातींची. सारावाक-साबातल्या नमुन्यांवर आता नव्या नावाची चिठ्ठी लागते. जुनी चिठ्ठी काढत नाहीत, आणि संग्राहकाचा क्रमांक बदलत नाहीत.