चहा, बिस्कीट आणि बहिष्कार

अधिवेशनाच्या आदल्या दिवशी सरकारने चहापान ठेवायचे आणि विरोधकांनी त्यावर बहिष्कार घालायचा, हा महाराष्ट्राच्या विधिमंडळाचा आता जवळजवळ कुळाचार झाला आहे. सत्तापालट झाला की बहिष्कार घालणारे यजमान होतात आणि कालचे यजमान पत्रकार परिषद घेऊन चहा नाकारतात. कारणे बातमीत सविस्तर येतात. चहा कसा होता, सोबत काय होते, हे मात्र कोणी छापत नाही. खाण्यापिण्यात जीव अडकलेल्या माझ्यासारख्याला नेमके तेच हवे असते.

चहा आणि बहिष्कार ही जोडी मराठीत सव्वाशेहून अधिक वर्षांची आहे. फरक इतकाच की पहिल्या खेपेला बहिष्कार चहावर नव्हता, चहा घेणाऱ्यांवर होता.

चीनमधून चहा कसा निघाला, आसामात सिंगफो लोक तो आधीपासून कसा पीत होते, १८३९ मध्ये आसामचा चहा लंडनच्या लिलावात कसा पोचला, हे सगळे पुष्कळदा सांगून झाले आहे. ते सोडून देऊ. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसही इथे पिकणारा बहुतेक चहा बोटीने परदेशी जायचा, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. पुण्यात तो पिणारे मोजकेच होते. म्हणूनच त्याचा गवगवा होऊ शकला.

१८९० च्या ऑक्टोबरात तेव्हाच्या वेताळ पेठेतल्या, म्हणजे आजच्या गुरुवार पेठेतल्या, पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने शहरातली चाळीस-पन्नास मातब्बर मंडळी जमली. व्याख्यानानंतर मिशनच्या लोकांनी चहा-बिस्किटे पुढे केली. कोणी प्यायले, कोणी कप हातात घेऊन तसाच खाली ठेवला. गोष्ट तिथेच संपायची. पण एका उपद्व्यापी गृहस्थाने हजर असलेल्यांची यादी पुण्याच्या एका वर्तमानपत्रात छापून आणली. निमंत्रणाचा घाट घालण्यातही त्याचाच हात होता म्हणतात. यादीत सुधारक होते, तसे सुधारकांवर रोज कोरडे ओढणारेही होते, आणि खरी गंमत त्यात होती. न्यायमूर्ती आणि केसरीकर्ते एकाच चहाच्या बैठकीत सापडले होते. नावे सांगायची गरज नाही.

सनातन्यांनी प्रकरण शंकराचार्यांपर्यंत नेले. तिथून दोन शास्त्री चौकशीला आले. पुढे दोन वर्षे पुण्यातल्या शहाण्यासुरत्या माणसांनी कोण नुसता बसला होता, कोणी कप हातात घेतला आणि कोणाच्या घशाखाली घोट गेला, याचा काथ्याकूट केला. केसरीकर्त्यांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचे पुढे केले. न्यायमूर्तींनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले आणि त्याबद्दल सुधारकांच्या शिव्या खाल्ल्या. त्यांनी चहा घेतलाच नव्हता, कप तसाच ठेवला होता, असेही सांगितले जाते. तसे असेल तर न प्यायलेल्या चहाचे प्रायश्चित्त घेणारा इतका मोठा माणूस दुसरा नसेल.

त्यांनी प्रायश्चित्त घ्यायला हवे होते का, यावर आजही दोन तट पडतात. एक बाजू म्हणते, तत्त्व सोडले. दुसरी म्हणते, सोबत्यांच्या घरची कार्ये अडली होती, भटजी मिळेनासे झाले होते, लेकीबाळींचे हाल होत होते. वाडा सोडून एकट्याने तत्त्व सांभाळणे सोपे असते. माझा कल दुसऱ्या बाजूकडे आहे. कारणही खाण्यापिण्याचेच. बहिष्कार हा त्या काळी पंगतीतून कळायचा. पाटावर कोण बसतो आणि पाणी कोण घेतो, यावरून माणूस आत की बाहेर ते ठरे. ज्याच्या घरी जेवायला कोणी येत नाही त्याचे हाल त्याची बायको जास्त भोगते.

इथे शब्दांचाही गुंता आहे. या प्रकरणाला जुन्या लिखाणात 'चहा ग्रामण्य' म्हटलेले आढळते. ग्रामण्य म्हणजे जातीतला किंवा दोन जातींमधला धर्माधिकाराचा तंटा: वेदोक्त कोणाला, मुंज कोणाची, पंक्तीला कोण. आधीची ग्रामण्ये अशा भारदस्त प्रश्नांवर झाली होती. चहाने त्या शब्दाला पेल्याएवढे करून टाकले. बहिष्कार ही अशा तंट्यात होणारी शिक्षा. ती जात देई आणि माणूस भोगी. पुढे स्वदेशीच्या चळवळीत, १९०५ नंतर, तोच शब्द उलटा फिरला. बहिष्कार 'घालायचा' झाला, तोही विलायती मालावर. स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण या चतुःसूत्रीत तो अभिमानाने बसला. ज्या केसरीकर्त्यांवर चहापायी बालंट आले होते त्यांच्याच तोंडी तो सर्वांत मोठा झाला, हा योगायोग मला फार आवडतो. आजचे विरोधक बहिष्कार घालतात तो या दुसऱ्या अर्थाने. पहिला अर्थ मेलेला नाही. जातपंचायतींनी वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला.

ग्रामण्याच्या हकिकतींत चहाचेच नाव पुढे असते. मला वाटते, बिस्किटाकडे फार कमी लोकांनी पाहिले. चहा म्हणजे उकळलेले पाणी, दूध, साखर. फार तर परक्याच्या हातचे पाणी एवढा दोष. बिस्कीट भट्टीतून येते. पाव आणि भट्टी यांबद्दलचा संशय कोकणात आणि वसईत कितीतरी जुना होता. विहिरीत पाव टाकला आणि अख्खे गाव बाटले, ही गोष्ट तिकडे अजून सांगतात. गोव्यात पोदेर, म्हणजे पाववाले, पाव फुगवायला माडाची सूर वापरत, म्हणजे मद्याचाही संबंध आला. पाव भाजणारे ख्रिस्ती, पुढे मुसलमान आणि इराणी. या सगळ्याला वळसा घालायला १८९८ मध्ये दिल्लीत 'हिंदू' हे नावच लावून बिस्किटांचा कारखाना निघाला. मालाबरोबर तो भाजणाऱ्याची जातही विकली जात होती.

या उलट्या न्यायाचा अवशेष आमच्या घरी अजून आहे. एकादशीला चहा चालतो, बिस्कीट चालत नाही. कारण धान्याचे सांगतात आणि ते खरेही आहे. पण शतकापूर्वी ज्या पेयापायी प्रायश्चित्ते झाली ते आज उपासाला निमूट चालते, याचे आमच्या आजीला कधी नवल वाटले नाही.

पुण्याच्या त्या चहावर इतकी शाई खर्च झाली की कोल्हापूरचा चहा मागे राहिला. तो मला जास्त मोठा वाटतो. १९२० च्या आसपासची गोष्ट. हौदाच्या पाण्याला हात लावला म्हणून दरबारातल्या एका अस्पृश्य नोकराला मारहाण झाली. छत्रपतींनी त्याला स्वतःचा धंदा काढायला सांगितले. त्याने भररस्त्यावर चहाचे हॉटेल काढले. 'सत्यसुधारक' अशी पाटी लावली, सगळे स्वच्छ ठेवले, तरी गिऱ्हाईक फिरकेना. मग छत्रपतींची गाडी त्या दुकानासमोर थांबू लागली. ते मोठ्याने चहा मागवत, स्वतः पीत आणि सोबत असतील त्यांनाही पाजत. सही-शिक्क्याचे काम असलेल्यांनाही तिथेच गाठावे लागे म्हणतात. तिथे ना चौकशी झाली, ना कोणाचे प्रायश्चित्त. राजाच पितो म्हटल्यावर शास्त्रार्थ कोण काढणार?

अर्थात एका हॉटेलाने गावोगावचा प्रश्न सुटला नाही. खेड्यातल्या हॉटेलांत वेगळ्या कपबशा पुढे कित्येक वर्षे होत्या. त्या बाहेर वळचणीला किंवा खिळ्याला अडकवलेल्या असत, ज्याने त्याने पिऊन स्वतः विसळून ठेवायच्या. १९५५ च्या अस्पृश्यता कायद्यात हॉटेलातली भांडी वापरू न देणे हा गुन्हा म्हणून वेगळा नोंदवावा लागला, यावरून दुखणे कुठे होते ते कळते.

मधल्या काळात चहा स्वतः पालटला. १९०३ मध्ये निर्यातीवर उपकर बसला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला. तिसाच्या दशकातल्या मंदीत परदेशी मागणी घसरली, तेव्हा प्रचारकांना घरचे गिऱ्हाईक आठवले. रेल्वे स्थानकांवर पाट्या लागल्या, गिरण्यांत चहाचे गुत्ते निघाले, फुकट पेले वाटले गेले. चहा कसा करावा याचे धडेही दिले: पाणी उकळा, पत्ती मुरू द्या, दूध बेताने. आपल्या लोकांनी चहा घेतला आणि धडा परत केला. दूध वाढवले, साखर वाढवली, आले-वेलदोडा घातला. मसाला म्हणजे पत्ती कमी घालण्याची विक्रेत्यांची लबाडी, अशी प्रचारकांची तक्रार होती. त्याच लबाडीला आता जगभर 'मसाला चाय' म्हणून भाव आहे.

दुसरा पालट यंत्राने केला. १९३० मध्ये आसामातल्या एका मळ्यावर दातेरी रुळांचे यंत्र निघाले. पाने चिरडायची, फाडायची, वळायची. त्यातून निघतो तो सीटीसी, आपला दाणेदार चहा. पन्नाशीनंतर तो देशभर पसरला. त्याला मुरत ठेवण्याचे लाड लागत नाहीत. दुधात रटरट उकळा, रंग आणि कडकपणा दोन्ही देतो, आणि किलोमागे कपही जास्त निघतात. टपरीचा चहा या यंत्राशिवाय झालाच नसता. सुगंधाच्या बाबतीत पानाचा चहा त्याला केव्हाही मागे टाकतो, हे मी दार्जिलिंगची पत्ती घरात असतानाही दाणेदार चहा उकळून पिता पिता लिहितो आहे.

पुण्यात चहाच्या दोन वाटा दिसतात. कॅम्प, म्हणजे लष्कर, आणि स्टेशन परिसरात, पुढे डेक्कनलाही, इराणी. यझ्द आणि केरमानकडून आलेली ही माणसे. त्यांच्याकडे कोपऱ्यावरची जागा, संगमरवरी टेबले, भट्टी. चहाचे पाणी एका किटलीत, दूध दुसऱ्या. सोबत बनमस्का, ब्रूनमस्का, मावा केक, खिमा, ऑम्लेट. आणि पेठांत अमृततुल्य. तिथे राजस्थानातून आलेले श्रीमाळी ब्राह्मण. दुकानाला देवादेवीचे नाव, पितळी पातेले, पंप मारायचा स्टोव्ह, पातेल्याशेजारी मांडी घालून बसलेला मालक. दूध, पाणी, साखर, भुकटी एकत्र उकळते आहे, खलबत्त्यात वेलदोडा कुटला जातो आहे, फडक्यातून चहा गाळला जातो आहे. सोबत काही नाही. निदान माझ्या लहानपणी, ऐंशीच्या दशकात, आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात काही नव्हते. चहा पिऊन उठायचे.

हे रिकामे टेबल मला बोलके वाटते. माझा तर्क असा की पेठांतल्या सोवळ्या गिऱ्हाइकाला ब्राह्मणाच्या हातचा चहा हवा होता आणि भट्टीचा पदार्थ नको होता. पंचहौदातल्या तबकावरचे चहा आणि बिस्कीट पुण्याने वेगवेगळे केले: एक पेठेत ठेवले, दुसरे लष्करात. मग ईस्ट स्ट्रीटवरच्या बेकरीतली श्रूजबेरी बिस्किटे पेठकरांनी रांगा लावून घरी आणली, ती गोष्ट निराळी. घरी डब्यात आले की बिस्कीट शुद्ध होत असावे.

भेद पुसला तो खारीने. पत्र्याच्या ट्रंकेत खारी-टोस्ट घेऊन दारावर येणाऱ्या माणसाला जात कोणी विचारली नाही. बेकरीची भाषाही मजेशीर: 'बटर' म्हणून मिळते त्या जिरे घातलेल्या कडक गोळ्यात लोणी नसते, आणि 'टोस्ट' विकत घेतानाच भाजलेला असतो. खारी चहात किती वेळ धरायची यावर घराघरांत मतभेद असतात. मी दोन आकडे मोजतो. तिसऱ्याला ती बशीत बसते आणि चमचा शोधावा लागतो.

नव्वदीनंतर अमृततुल्याच्या फळीवरही बरण्या आल्या: खारी, क्रीमरोल, नानकटाई. पुढच्या पिढीत तर नावच सुटे झाले. गेल्या दहा वर्षांत ज्या साखळी दुकानांनी ते पाटीवर घेतले त्यांच्याकडे पितळी पातेले असेलच असे नाही, मालक समोर नसतो, आणि शाखा गावोगाव निघतात. जुने दुकानदार कुरकुरतात. विशेषण कोणाच्या मालकीचे नसते हे मान्य. पण स्टीलच्या टाकीतल्या तोटीतून पडणाऱ्या चहाला अमृताची उपमा देताना माझी जीभ अडखळते. पुण्यातच निघालेल्या तंदूर चहाबद्दल मी जरा मऊ आहे. लालभडक तापलेला मातीचा पेला, त्यात ओतताच उसळणारा चहा. धुराचा वास तीन घोट छान लागतो.

कपाचा प्रश्न कागदी पेल्याने बाजूला सारला. कोणाचा उष्टा कप कोणी विसळायचाच नाही. आणि आता काही शहरांत बिस्किटाचाच कप मिळतो. चहा प्या, मग कप खा. मी एकदा घेतला होता. तळाशी आल्याचा चोथा आणि भिजलेला मैदा, चव यथातथा. तो चावताना मला ते चौकशीला आलेले दोन शास्त्री आठवले. कप नुसता हातात धरलेल्यांच्या यादीत मला घालायचे, की चहा प्यायलेल्यांच्या, की बिस्कीट खाल्लेल्यांच्या, यावर त्यांची आणखी दोन वर्षे सहज गेली असती.