वाइन आधी सांगा, मग जेवण मागवा

आमच्या रेस्टॉरंटमध्ये येणाऱ्या बहुतेकांना इटालियन जेवण ओळखीचं असतं, त्यामुळे पदार्थांची ओळख इथे करून देत नाही. सांगायचं आहे ते वाइनच्या ऑर्डरबद्दल. ती फार उशिरा येते.

नेहमी होतं असं: अँतिपास्ती, म्हणजे सुरुवातीचे छोटे पदार्थ, संपतात, मुख्य पदार्थ टेबलावर येतो आणि तेव्हा कुठे वाइनची यादी उघडली जाते. यादी लांबलचक, वाचण्यातच वेळ जातो आणि शेवटी पसंती मिळते बरोलोला. इटलीच्या पिएमाँते प्रांतातल्या नेब्बियोलो द्राक्षांची ही वाइन विक्रीला येण्याआधी नियमानुसार किमान ३८ महिने मुरवावी लागते, त्यातले १८ महिने लाकडी पिंपात. एवढं होऊनही अलीकडच्या सालची बाटली उघडून लगेच ओतली, तर पहिल्या घोटाला जीभ आवळून धरणारा तुरटपणाच जाणवतो. डिकँटरमध्ये, म्हणजे रुंद तळाच्या काचेच्या सुरईत, तासभर हवा लागली की गुलाबाचा, चेरीचा वास वर येतो. पण तोवर ताटातलं मटण थंड झालेलं असतं. न थांबता प्यायली, तर वाइन कडक लागल्याची तक्रार येते, आणि ती तक्रार खरीच असते.

मग बाटल्या आधीच उघडून का ठेवत नाही, असं विचारतात. लेबल आणि साल तुम्ही पाहिल्याशिवाय बूच काढायचं नाही, हा आमचा नियम आहे आणि तो तुमच्या हिताचा आहे. बुकिंग करतानाच नाव सांगितलंत, तर जुनी बाटली आदल्या दिवसापासून उभी ठेवतो, म्हणजे गाळ तळाशी बसतो. तुम्ही आलात की तुमच्यासमोर उघडतो.

सुरुवातीला ग्लासात थोडीशी ओततो ती आवडनिवड विचारायला नाही. बूच बिघडलं असेल तर वाइनला भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास येतो. तसा आला तर बाटली बदलून देतो, एक शब्दही न बोलता. फक्त जड वाटली म्हणून उघडलेली बाटली परत घेता येत नाही, म्हणून शंका असेल तर आधी विचारा.

आयत्या वेळी ठरवायचं असेल तरी सोय आहे. लांगे नेब्बियोलो ही वाइन बरोलोच्याच द्राक्षांची, पण सहसा लवकर पिण्याजोगी. टोमॅटोच्या सॉसबरोबर क्यांती क्लासिको ही रेड वाइन छान जमते, माशांबरोबर वेर्मेन्तिनो ही व्हाइट वाइन. रिसोट्टो हा भाताचा पदार्थ आम्ही ऑर्डर आल्यावरच शिजवायला घेतो, त्याला वीसेक मिनिटं लागतात. तेवढ्यात फ्रांचाकोर्ता या फसफसणाऱ्या वाइनचा एक ग्लास घेऊन पाहा.

काहीच सुचत नसेल, तर किती जण येणार, साधारण काय खाणार आणि बाटलीसाठी किती खर्च करायचा आहे, एवढं फोनवर मोकळेपणाने सांगा. त्या खर्चात बसणाऱ्या दोन-तीन बाटल्या आमचे सोमेलिए, म्हणजे वाइनचे जाणकार, सुचवतील.